सायकलच्या चाकातला ग्रेट्झ्की

आमचे चिरंजीव माझ्यावर रागावलेत. कारण ऐकाल तर हसाल. १९७९ साली, आम्ही टोरांटोत नवखे असताना, या गृहस्थांनी (वय वर्षे आठ) हॉकीपटूंची कार्डं कपड्यांच्या चिमट्यानं सायकलच्या चाकाला लावली होती. चाक फिरलं की फटफटीसारखं फर्रर्र! हॉकी तिथली, बर्फावरची, ध्यानचंदांची नव्हे. त्या मोसमात ओ-पी-ची कंपनीच्या पाकिटांत वेन ग्रेट्झ्कीचं पहिलं कार्ड होतं, १८ नंबरचं. तसलं एक निष्कलंक कार्ड २०२१ साली साडेसदतीस लाख डॉलरला गेलं.

"बाबा, तुम्ही मला अडवलं का नाहीत?"

बरं केलं, नाही अडवलं! पाकिटात च्युइंगगमची पट्टी असे. कार्डांना तिचा वास, वर डागही. पोरं अदलाबदल करीत, भांडत. आता कार्ड मिळालं की परीक्षकाकडे धाडायचं. तो दहापैकी मार्क देणार आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं कोंडणार. आणि म्हणे छंद! २०२४ साली तर सस्कॅचवानमधल्या एका घरात सापडलेलं त्याच मोसमातलं न उघडलेलं खोकं सदतीस लाखांवर डॉलरला विकलं गेलं. आत दहा हजारांवर कार्डं, एकही कुणी पाहिलेलं नाही! अहो, लोणच्याची बरणी न उघडता नुसता तिच्यावर हात फिरवून जेवण्यातला हा प्रकार.

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, माझ्या सायकलला एक लावू?"

चिरंजीव केवढ्यांदा ओरडले! मी मुकाट्यानं चिमटा शोधायला उठलो.