परदेशाची वाट कायद्याच्या दारातून

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अपुरा ठेवून परतले आणि १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी तो पुरा केला. आज आपल्या मुलामुलींना परदेशात दीर्घकाळ राहावेसे वाटते, यात आम्हांस गैर वाटत नाही. प्रश्न मार्गाचा आहे.

शेत गहाण टाकून दलालाचे हात ओले करणे हा मार्ग नव्हे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला परत धाडले. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही होती. बेकायदा राहणाऱ्याला मजुरी बुडाली तरी दाद मागण्याचे धैर्य होत नाही. असे हक्कहीन जिणे आपल्या पूर्वजांनी भोगले. ते आपण पैसे मोजून का घ्यावे?

सरळ वाटा आहेत. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीत पदवीला साजेशी, ठरलेल्या वेतनाची नोकरी मिळाल्यास ‘ब्लू कार्ड’ मिळू शकते. त्यावर २७ महिने काम केल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो; जर्मन भाषा ‘बी-१’ पातळीची असल्यास २१ महिन्यांतच. नोकरीसाठी एजंट गाठायचाच, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची नोंदणी आधी तपासावी.

म्हणून आमची सूचना: वसतिगृहात जर्मनचा वर्ग सुरू व्हावा आणि परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी कागदपत्रांचे मार्गदर्शन करावे. शिका, हा आदेश येथेही लागू आहे.