नाव नव्हे, आकडा पाहा

रात्री दोनला साइट बंद पडते, लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसतं आणि हात आपसूक सीएचमॉड ७७७कडे वळतो. साइट चालू होते, तिकीट बंद होतं. त्या फोल्डरकडे नंतर कुणी वळून पाहत नाही.

कंटेनरच्या जगात ही सवय फार महागात पडते. परवानगीचा खरा घोळ बहुतेक वेळा मालकीचा असतो आणि कर्नल मालक ओळखतो तो आकड्यावरून. नाव ही आपली सोय. डेबियनच्या इमेजमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ म्हणजे ३३, पीएचपीच्या अल्पाइन इमेजमध्ये तेच नाव ८२. आकार कमी करायला म्हणून वर्डप्रेस अल्पाइनवर नेलं, व्हॉल्यूम जुनंच ठेवलं, की अपलोड थांबतात. होस्ट डेबियनचा असेल तर बाहेरून एलएस केल्यावर मालकाचं नाव अगदी बरोबर दिसतं, आणि इथेच अनुभवी माणूसही फसतो. अशा वेळी एलएसला ‘-एलएन’ जोडा, आकडे दिसतील. मग योग्य आकड्याला सीएचओन केलं की पुरे. पोस्टग्रेस तर ७७७ दिलेल्या डेटा डिरेक्टरीवर सुरू व्हायलाच नकार देतं. हा कडकपणा मला योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट शून्याची. यूजर नेमस्पेस नसेल तर कंटेनरमधला रूट हा होस्टवरचाही रूटच. डॉकर त्याचे काही अधिकार काढून घेतो हे खरं, पण होस्टवरून जोडलेल्या डिरेक्टरीत तो लिहितो ते शून्य क्रमांकानेच. फेब्रुवारी २०१९मध्ये रनसीमधली, म्हणजे डॉकर ज्याच्या आधारे कंटेनर सुरू करतो त्या प्रोग्रॅममधली, त्रुटी उघड झाली. कंटेनरमधल्या रूटला होस्टवरची रनसीची फाइलच बदलता येत होती. ज्यांनी यूजर नेमस्पेस नीट लावलं होतं, ते वाचले. ही सोय लिनक्स ३.८पासून, म्हणजे २०१३पासून हाताशी आहे: आतला शून्य बाहेर एखाद्या साध्या, बिनअधिकाराच्या यूजरचा आकडा होतो. रूटलेस पॉडमन हे आपणहून करतो, डॉकरमध्ये मुद्दाम चालू करावं लागतं. चालू केल्यावर जुन्या व्हॉल्यूमची मालकी जुळत नाही, म्हणून कंटाळून ते बंद करणारे पुष्कळ आहेत. कर्नल ५.१२मध्ये, २०२१ साली, माउंट करतानाच आकडे बदलून दाखवण्याची व्यवस्था आली. डिस्कवरच्या मालकीला हात लावावा लागत नाही. तुमच्या फाइल सिस्टिमला ती चालते का, एवढं आधी तपासा.

डॉकरफाइलमध्ये ‘यूजर’ ओळीत नाव न लिहिता आकडा लिहा. कुबरनेटीजमध्ये रूटला मनाई केली आणि इमेजमध्ये नुसतं नाव असलं, तर तो यूजर रूट नाही याची खात्री करता येत नाही आणि कंटेनर सुरू होत नाही.

या महिन्यात एक दुपार काढा. प्रत्येक होस्टवर फाइंड चालवून, कुणालाही लिहिता येईल अशा डिरेक्टरी शोधा. स्टिकी बिट असलेली ‘टेंप’ सोडून द्या. उरलेल्या प्रत्येकीत कोणता आकडा लिहितो ते शोधा, तिची मालकी त्याला द्या आणि ७७७ काढून टाका.