तास मोजा, मग निष्ठा मागा

प्रति,
अमेरिकेतील आयटी कंपन्यांत मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट असलेल्या मराठी बंधू-भगिनींस,



टीममधली चांगली माणसं हल्ली नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काही करत नाहीत, अशी तुमची तक्रार असते. कारण कामाच्या वाटपात सापडेल. एक जण सोडून गेला की त्याच्या जागी नवा माणूस येत नाही. त्याचं काम उरलेल्यांत वाटलं जातं, तेही जो मुकाट्यानं करतो त्याच्याच गळ्यात पडतं. काम लवकर संपवलं की आणखी काम मिळतं, हे एकदा कळलं की हुशार माणूस हात आखडता घेणारच.

त्यातून एच-१बी व्हिसावर असलेला माणूस तुम्हाला ‘नाही’ म्हणूच शकत नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. घराचं भाडं, मुलांची शाळा, वर्षानुवर्षं अडकलेलं ग्रीन कार्ड, सगळं त्या नोकरीला बांधलेलं. त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका.

कायदाही त्याच्या मदतीला येत नाही. १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टनुसार आठवड्याला ४० तासांवरच्या कामाला दीडपट मजुरी द्यावी लागते. पण ठरावीक पगाराच्या वर असलेल्या बहुतेक संगणक व्यावसायिकांना त्यातून वगळलं आहे. एच-१बीसाठी किमान वेतनाची अट आहे, पण तो आकडा सहसा वर्षाचा असतो. चाळीस तासांच्या पगारात साठ तास राबवलं, तर तासाचा दर एक तृतीयांशानं घसरतो, आणि कागदावर सारं नियमात राहतं.

ऑफशोअर टीम असली की दिवस आणखी लांबतो. कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तिथलं ऑफिस सुरू होतं, इथल्या माणसाची दुसरी पाळी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो.

विश्रांती एकट्यानं मिळवता येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्यांच्यामागे हजारो कामगार उभे होते. तुमच्या हाताखालचा इंजिनीअर एकटा आहे, आणि तुमच्यापैकी अनेकजण कधीकाळी त्याच व्हिसावर इथे आलात.

म्हणून चार मागण्या. ऑन-कॉल आणि रात्रीचे कॉल कामाच्या तासांत धरा आणि त्यांच्या बदल्यात भरपाई सुट्टी द्या. रात्रीच्या मीटिंगचा त्रास पुणे आणि अमेरिका यांनी आळीपाळीनं सोसावा. माणूस कमी झाला तर डेडलाइन पुढे न्या किंवा कामाला कात्री लावा. आणि वरिष्ठांना ‘होईल’ असं सांगण्याआधी ज्याला ते करायचं आहे त्याला विचारा.

यासाठी नवा कायदा लागत नाही, कंपनीचं धोरणही बदलावं लागत नाही. पुढच्या आठवड्याचं कामाचं वाटप तुमच्याच हातात आहे. सुरुवात तिथून करा.

आपला,
एक सहकारी