स्वभावाचें माप

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे कीं, तिच्या खरेपणाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. सुनेनें भांडें आपटलें, मुलानें पाहुण्यांसमोर तोंड उघडलें नाहीं किंवा दिरानें उसने दिलेले पैसे परत मागितले नाहींत, कीं एका शब्दांत त्या माणसाचा निकाल लागतो. ती तापट, तो घुम्या, ते भोळे! औषध नाहीं असें ठरविण्यापूर्वीं नाडी तरी कोणी पाहिली काय, हा प्रश्न मात्र राहून जातो. गेल्या महिन्यांत तो आम्हांस आमच्याच घरांत विचारावा लागला. म्हणून या वेळचें टिपण त्याच विषयावर.

आमचें घर सोलापुरांत उत्तर कसब्यांत. धाकट्या बंधूंचा मुलगा यंदा बारावींत आहे व पुढें कायदा शिकण्याची त्याची इच्छा आहे. बंधूंचें म्हणणें असें, “जो चारचौघांत चार वाक्यें बोलत नाहीं, तो कोर्टांत काय बोलणार? त्यानें आपलें हिशेबाचें काम शिकावें.” मुलगा यावर गप्प राहिला, आणि त्याचें गप्प राहणें हाच वडिलांच्या बाजूचा पुरावा ठरला.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. ‘घुम्या’ हें नांव त्यास प्रथम आम्हींच दिलें. तेव्हां तो पांच वर्षांचा होता. संक्रांतींत गड्ड्याच्या यात्रेला सगळे आप्त जमले असतां तो कोणाशीं बोलेना, म्हणून थट्टेनें दिलेलें तें नांव घरानें पुढें बारा वर्षें वापरलें.

या पेंचांत सांपडल्यावर मानसशास्त्रज्ञ स्वभाव कसा मोजतात, हें आम्हीं थोडें वाचून पाहिलें. मौज अशी कीं, त्यांचाही आरंभ शब्दांपासूनच झालेला आहे. ऑलपोर्ट व ओडबर्ट या दोघां अमेरिकन पंडितांनीं इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसामाणसांतील भेद दाखविणारे १७,९५३ शब्द वेंचले व १९३६ सालीं ते प्रसिद्ध केले. त्यांतून टिकाऊ स्वभाव सांगणारे शब्द निवडले, ते ४,५०४ भरले. त्याच सुमारास, म्हणजे १९३२ ते १९३८ या काळांत, पुण्यांत दाते व कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग छापले जात होते. भिडस्त, खवचट, धांदरट, लाघवी, हेकट, चेंगट, आतल्या गाठीचा, मोकळ्या मनाचा—आपलें भांडारही कांहीं लहान नाहीं. समर्थांनीं तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं व पढतमूर्खाचीं लक्षणें एकामागून एक मांडलीं आहेत. तीं दुसऱ्यास चिकटविण्यासाठीं नव्हत. ऐकणाऱ्याच्या अंगीं शहाणपण यावें यासाठीं आहेत. आपण तो हेतु विसरून यादी तेवढी वापरतों.

पुढें संशोधकांनीं असें पाहिलें कीं, लोक ज्यास टापटिपीचा म्हणतात, त्यासच बहुधा वक्तशीरही म्हणतात. असे बरोबर चालणारे शब्द गणितानें एकत्र बांधीत गेल्यास गठ्ठे फार उरत नाहींत. कॅटेलनें सोळा गुणांची प्रश्नावली १९४९ सालीं काढली. आज बहुतेक शास्त्रज्ञ पांच मानतात. माणसांत मिसळण्याची ओढ, दुसऱ्याशीं जुळवून घेण्याची वृत्ति, कामांतील काटेकोरपणा, चिंता व मनाची चलबिचल, आणि नव्या कल्पनांची व अनुभवांची आवड, हे ते पांच होत.

आतां त्यांच्या मापांत व आपल्या शब्दांत भेद कोठें आहे तो पाहूं. आपला शब्द हा शिक्का आहे; त्यांचें माप ही फूटपट्टी आहे. उंचीप्रमाणें येथेंही बहुतेक माणसें मधल्या मापाचीं असतात. अगदीं टोंकाचीं थोडीं. एकेका गुणासाठीं अनेक विधानें देऊन ‘मुळींच नाहीं’ पासून ‘पूर्णपणें’ पर्यंत १ ते ५ असे आंकडे मागतात. कांहीं विधानें मुद्दाम उलट घालतात, म्हणजे सरसकट होकार देणारा उघडा पडतो. बेरीज इतर पुष्कळ लोकांच्या बेरजांशीं ताडून पाहतात. आणि कांहीं आठवड्यांनीं तीच परीक्षा पुन्हां घेतली असतां आंकडा फार हलला, तर दोष मापाकडे जातो. माणूस स्वतःस बरें दाखवितो हेंही ते जाणतात. १९४३ सालच्या मिनेसोटा प्रश्नावलींत, सज्जनासही प्रामाणिकपणें नाकारतां येणार नाहींत असे बारीकसारीक दोष घातलेले आहेत. ते सगळे नाकारणाऱ्याच्या इतर उत्तरांवरही विश्वास बेतानेंच ठेवावा लागतो!

तरी या शास्त्रासही एक टोला बसला. १९६८ सालीं वॉल्टर मिशेल यानें दाखवून दिलें कीं, एका ठिकाणचें वागणें पाहून दुसऱ्या ठिकाणचें वागणें फार थोडें सांगतां येतें. पुढें सेमूर एपस्टाइन यानें १९७९ सालीं याचें उत्तर दिलें: एका प्रसंगावरून नव्हे, पण अनेक प्रसंगांची सरासरी घेतल्यास स्वभाव चांगला स्थिर दिसतो. हें वाचतांना आम्हांस गड्ड्यांतली ती एकच संध्याकाळ आठवली.

मग आम्हीं घरापुरता एक प्रयोग केला. ही शास्त्रीय परीक्षा नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों. ‘अनोळखी माणसाशीं आपण होऊन बोलतो’ हें एकच वाक्य चिठ्ठीवर लिहून चौघांस वेगवेगळे आंकडे मागितले. बंधूंनीं १ लिहिला, भावजयीनें २. मातोश्रींनीं ४ आणि मुलाच्या वर्गमित्रानें ५. बंधूंस वाटलें, मातोश्रींस आंकडा कळला नाहीं. त्या म्हणाल्या, “दर महिन्याला मला दवाखान्यांत कोण नेतें? डॉक्टरांना तोच विचारतो, रिक्षावाल्याशीं तोच ठरवितो, औषधाच्या दुकानांत तर कन्नडांतून बोलतो. घरांत त्याला बोलायला जागा कुठें आहे? त्याच्या वतीनें तुम्हीच सगळे बोलतां.” वर्गमित्राकडून कळलें कीं, परीक्षेची तारीख बदलून मागावयास वर्गातर्फे हाच पुढें गेला होता.

मोबाइलवर दहा प्रश्नांत स्वभाव सांगणाऱ्या परीक्षा फुकट मिळतात. त्यांनीं हा प्रश्न सुटला असता असें मात्र कोणी समजूं नये. बिने यांची बुद्धिमापनाची परीक्षा मराठी व कन्नड मुलांसाठीं व्ही. व्ही. कामत यांनीं बसविली व १९३४ सालीं प्रसिद्ध केली. ती बुद्धीची होती, स्वभावाची नव्हे. पण धडा दोन्हींस लागू आहे. प्रश्नांचें नुसतें भाषांतर पुरत नाहीं; ते येथल्या मुलांस विचारून, येथलें प्रमाण नव्यानें बसवावें लागतें. जेथें मराठी, कन्नड व तेलुगु एकाच गल्लींत ऐकूं येतात, त्या आमच्या गांवीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. मुलाच्या शिक्षणासारखा प्रश्न असेल, तर जाणत्या मानसशास्त्रज्ञाकडे जावें.

म्हणींत सत्य नाहीं असें नव्हे. स्वभाव पुष्कळ टिकाऊ असतो. त्यांत आनुवंशिकतेचा वांटाही मोठा आहे. परंतु तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत माणसें सरासरीनें अधिक काटेकोर होत जातात, हें अनेक अभ्यासांत दिसून आलें आहे. फूटपट्टीवरचा आंकडा पुढें सरकूं शकतो. शिक्का सरकत नाहीं.

बंधूंनीं कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरूं दिला. त्यांचें मन वळलें असें अजून म्हणवत नाहीं. आणि आमची गोष्ट सांगावयाची, तर गेल्याच रविवारीं पंगतींत ‘घुम्या, भात वाढ’ असें आमच्या तोंडून निघून गेलें. मुलानें भात वाढला, आणि हंसून म्हणाला, “काका, किती पैकीं किती?”

वाचकांस विनंती इतकीच, कीं आपल्या घरांत असा एखादा शब्द कोणास चिकटलेला असेल, तर तो कोणीं, केव्हां व कोणत्या प्रसंगावरून दिला, हें एकदां सर्वांनीं बसून आठवावें. आणि त्या माणसास घराबाहेर ओळखणाऱ्या एकाचें तरी मत घ्यावें. औषधाचा विचार त्यानंतर करावा. कदाचित् त्याची गरजच पडणार नाहीं.