अंगाला न टोचणारी लोकर



गेल्या थंडीत माझा पुण्याचा भाचा चार दिवस राहायला आला होता. त्याला डोंगर चढण्याचा नाद, नुकताच हिमालयात जाऊन आलेला. पहाटे माझ्याबरोबर शेतावर निघाला तेव्हा अंगात पातळसा, लांब बाह्यांचा एक बनियन. त्याची मामी म्हणाली, "अरे, स्वेटर तरी घाल." तर म्हणतो कसा, "मामी, हा लोकरीचाच आहे."

शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरांचे मालक धनगरकाका शेकोटीपाशी बसलेले. त्यांनी बनियनची कड दोन बोटांत चोळली आणि मान हलवली. "न्हाई साहेब, ही लोकर न्हवं. लोकर अशी आसती व्हय?" मग भाच्याने कडेचा एक सुटा धागा तोडून दिला. मी काडी ओढली. धागा जळला, केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली. कृत्रिम धागा असता तर वितळून त्याचा टणक मणी झाला असता. ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता. बाजारात लोकरीच्या नावाने काय काय विकतात ते कळेल.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कसली म्हणायची ही मेंढी?"

मेंढी मेरिनो. मूळची स्पेनची. 1797 साली ती ऑस्ट्रेलियात पोचली, पुढे न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांत गेली. तिथल्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या बारीक लोकरीचे नर निवडून ठेवले. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाच्याच्या बनियनसारख्या कपड्याला 17 ते 19 मायक्रॉनची लोकर लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक तिसाच्या बरीच वर, शिवाय त्यात केस मिसळलेले. लोकर अंगाला टोचते ती तिसाच्या वरच्या जाड तंतूंमुळे. त्यांची टोके कातडीवर दाबली की वाकत नाहीत, रुततात. बारीक तंतू वाकतो. शेकड्यात पाचाहून अधिक तंतू जाड असले की कपडा खाजतो, एवढा साधा हिशेब आहे.

आता या बनियनाची जन्मकथा ऐका, कारण ती एका मेंढपाळाच्या घरात सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये त्या काळी डोंगर चढणारे लोक अंगालगत कृत्रिम धाग्याचे कपडे घालीत. दोन दिवस घामाने भिजले की त्यांचा वास सहन होत नसे. 1994 साली जेरेमी मून नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाला एका मेंढपाळाने स्वतःच्या लोकरीचा करून घेतलेला पातळ सदरा दाखवला. मूनने तो वापरून पाहिला आणि त्यावरच 'आइसब्रेकर' ही कंपनी उभी केली.

लोकरीचे गुण जुनेच आहेत. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडते. घामाचा वासही ती धरून ठेवते, लवकर बाहेर येऊ देत नाही. पावसात घोंगड्याची खोळ घेऊन मेंढरांमागे फिरणाऱ्याला हे मी काय सांगावे?

अडचण होती ती धुण्याची आणि टिकण्याची. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात. गरम पाण्यात घासले की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आकसून घट्ट होते. म्हणून क्लोरीनने खवल्यांच्या कडा झिजवतात आणि वर राळेसारख्या पदार्थाचा अगदी पातळ थर देतात; मग कपडा यंत्रात धुता येतो. अतिपातळ कापड लवकर विरते, तेव्हा काही गिरण्या नायलॉनचा बारीक तंतू मध्ये ठेवून त्याभोवती लोकर गुंडाळतात. ऋतूप्रमाणे चौरस मीटरला 150, 200 किंवा 260 ग्रॅम वजनाचे कापड विणतात.

मला यातले सगळ्यांत मोलाचे वाटते ते वेगळेच. या कंपनीने लिलावात माल उचलण्याऐवजी मेंढपाळांशी थेट, अनेक वर्षांचे करार केले. भाव आधी ठरलेला. भाव ठरला की मेंढपाळ चारा, नर, कातरणी यांवर निर्धास्त खर्च करतो.

काकांना हे सांगितले तर ते हसले. "आमची लोकर बांधावर पडती साहेब. कातरणाऱ्याची मजुरीबी निघत न्हाई." ते खरेच आहे. आणि मग लगेच दुसरा प्रश्न आला, मेरिनोचा नर आणला तर?

तर घाई करू नका. आपल्याकडे मेरिनोचा संकर करून पाहिला गेला आहे. राजस्थानात अविकानगरच्या संशोधन संस्थेने 'भारत मेरिनो' तयार केली. तिचा कळप आज तामिळनाडूत मन्नवनूरच्या थंड डोंगरावर सांभाळला जातो. थंड डोंगर हे लक्षात घ्या. मेरिनोची लोकर दाट, कातडी सुरकुत्यांची; ओलसर घाणीत माश्या अंडी घालतात आणि जखमेत अळ्या होतात. ऑस्ट्रेलियात त्यावर शेपटीखालची कातडी कापण्याची क्रूर रीत पडली. न्यूझीलंडने 2018 साली तिच्यावर बंदी घातली. आपली दख्खनी उन्हातान्हात कोसन्‌कोस चालते, काटेकुटे खाऊन तगते. तिच्याकडून बनियन मागू नका.

पण त्यांच्या कातरणीच्या खोपटातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे लोकर कातरली की पोटाखालची, शेणाने माखलेली कड आधी बाजूला काढतात आणि मग बारीक-जाड वेगळी लावतात. आपण पांढरी, काळी, कोकरांची, म्हाताऱ्या मेंढीची अशी सगळी एकाच पोत्यात कोंबतो. वास्तविक कोकराच्या पहिल्या कातरणीचे जावळ सर्वांत बारीक असते, हे धनगराच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक आहे. जावळाच्या घोंगड्याचा मऊपणा त्यातूनच येतो. तेव्हा कातरणी झाडलेल्या कोरड्या जागेवर, ताडपत्रीवर करा. कातरण्याआधी मेंढी भिजलेली नको. जावळाचे पोते निराळे बांधा, पांढऱ्याचे निराळे.

काकांनी या खेपेला जावळाचे एक पोते वेगळे ठेवले आहे. पाऊण भरले आहे. सणगर पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. काय भाव देतो ते कळले की याच पानावर लिहीन.