गुग्गुळाचा वंश आणि आपले कर्तव्य

योगराज, कैशोर, त्रिफळा, गोक्षुरादि हे कल्प ज्या द्रव्यावाचून सिद्ध होत नाहीत, त्या गुग्गुळाचा भाव आणि त्यातील भेसळ यांविषयी आपण वैद्य व औषधनिर्माते नेहमीच बोलतो. ते द्रव्य देणाऱ्या वनस्पतीच्या वंशाविषयी मात्र क्वचितच बोलतो. थरच्या वाळवंटात व कच्छच्या खडकाळ माळावर वाढणारे हे काटेरी झुडूप आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१५ च्या मूल्यांकनात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरले. म्हणून हा विषय वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुग्गुळ ज्या कॉमिफोरा प्रजातीत मोडतो, तिच्या सुमारे २०० जाती आहेत. पूर्व आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर आणि भारत येथील शुष्क प्रदेशांत त्या विखुरल्या आहेत. आपला हिराबोळही त्यांतीलच. एका मूळ वंशातून इतक्या जाती कशा झाल्या? रुक्ष प्रदेशात झाडांचे समूह बेटांसारखे एकाकी असतात. पक्ष्यांनी दूर नेलेले बीज एखाद्या टेकडीवर रुजते आणि मूळ समूहाशी त्याचा परागसंबंध तुटतो. तेथील माती, पर्जन्य व कीटक वेगळे असतात. त्या परिस्थितीत जी रोपे तगतात, त्यांचेच गुण पुढे चालतात आणि असंख्य पिढ्यांनंतर नवी जाती सिद्ध होते.

या घडणीत राळेचा वाटा मोठा आहे. कॉमिफोराची भगिनी प्रजाती बर्सेरा ही मेक्सिकोच्या शुष्क वनांत वाढते. ज्युडिथ बेसेरा या संशोधिकेने तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. पाने खाणारे भुंगेरे आणि बर्सेराची झाडे यांच्यात लक्षावधी वर्षे स्पर्धा चालली असून, जसजशा जाती वाढल्या तसतशी त्यांच्या राळेची रासायनिक घडणही अधिक गुंतागुंतीची होत गेली, असे त्यातून दिसले. ज्यास आपण औषध म्हणतो, ते मुळात वनस्पतीने स्वसंरक्षणार्थ घडविलेले आयुध होय.

मात्र हे सारे घडण्यास समूहात मुळातच विविधता असावी लागते आणि गुग्गुळाची अडचण येथेच आहे. प्रमिला गुप्ता, के. आर. शिवण्णा व एच. वाय. मोहन राम यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, गुग्गुळाच्या मादी झाडांवर परागणाशिवायही बीज धरते आणि त्यातील गर्भ मातृऊतींपासून निर्माण होतो. एका बीजातून अनेक रोपे उगवतात; पण ती बहुतांशी मातेचीच प्रतिरूपे असतात. नर झाडे तर अत्यंत विरळ आहेत. अशा वनस्पतीत प्रत्येक वेगळे झाड हे भांडवल असते. ते मेले की त्याचा गुणविशेष परत मिळत नाही.

आणि झाडे मरत आहेत ती आपल्याच मागणीपायी. अधिक डिंक मिळावा म्हणून खोल चिरा देऊन त्यांत दाहक लेप भरतात. डिंक भरपूर येतो, पण झाड वाळून जाते. भावप्रकाशात महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म व हिरण्य असे गुग्गुळाचे पाच भेद सांगितले आहेत. पूर्वाचार्य भेद जाणून द्रव्य निवडीत असत. आपण मात्र येईल ते पोते उतरवून घेतो.

लागवड हा उपाय खराच. पण एकाच झाडाच्या छाट कलमांनी एकरच्या एकर भरले, तर गुग्गुळाचा साठा वाढेल, वंश सावरणार नाही. एखादा रोग आला तर सारे शेत एकदमच बळी पडेल. म्हणून वेगवेगळ्या स्थळांच्या झाडांची कलमे व बीजे एकत्र लावावीत आणि मिळतील ती नर झाडे आवर्जून राखावीत, असे आमचे मत आहे.

औषधनिर्मात्या बंधूंनी डिंक कोठून व कोणत्या पद्धतीने काढला, याची विचारणा खरेदीपूर्वी करावी आणि उत्तर नोंदवहीत लिहावे. लागवडीच्या मालास चार पैसे अधिक पडले तरी ते द्यावेत. यामुळे औषध महागेल, ही शंका रास्त आहे. परंतु द्रव्यच दुर्मीळ झाले तर ते याहून कितीतरी महागेल, शिवाय भेसळ फोफावेल. वैद्यांनीही गुग्गुळकल्प खरोखर आवश्यक तेथेच योजावेत.

निसर्गाने ज्या वंशास लक्षावधी वर्षे घडविले, तो आपल्या हयातीत संपला तर पुढील पिढीच्या वैद्यांस आपण काय उत्तर देणार?