शेजारधर्म : मागच्या पानावरची माणसं

दर शनिवारी सकाळी साडेनऊला आपली मराठी शाळा भरते ती एका चर्चच्या तळघरात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपली पोरं तिथे सोडली आहेत. गाडी वळवायची, पोराच्या हातात डबा द्यायचा, ‘बाईंचं ऐक हं’ म्हणायचं आणि इंडियन ग्रोसरीकडे पळायचं. खरं सांगा, त्या इमारतीवरची पाटी किती जणांनी वाचली आहे? मीही पहिली दोन वर्षं वाचली नव्हती. ‘चर्चमधली शाळा’ एवढ्यावर आपलं भागतं.

या सदरात दर दिवाळीला मी आपल्या एखाद्या शेजाऱ्याबद्दल लिहिते. यंदा हे चर्चच निवडलं. म्हणजे इमारत नव्हे, ती चालवणारी माणसं. त्या निमित्ताने स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

पाटीवर ‘एपिस्कोपल’ असा शब्द आहे. एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या परंपरेतलं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं हे अमेरिकेतलं भावंड. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा या मंडळींची मोठी पंचाईत झाली. धर्मगुरूला दीक्षा द्यायला बिशप हवा, आणि इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला हवी. ज्या राजाशी नुकतंच लढलो त्याची शपथ कशी घेणार? शेवटी 1784 मध्ये सॅम्युएल सीबरी यांनी स्कॉटलंडला जाऊन तिथल्या बिशपांकडून दीक्षा घेतली, आणि 1789 मध्ये इथल्या चर्चने आपली स्वतंत्र घटना केली.

या घराण्याशी आपला जुना संबंध आहे बरं का! माझं माहेर पुण्याचं. पंचहौद मिशनच्या चर्चचा मनोरा शाळेत जाता-येता दिसायचा. 1890 साली याच मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. पुढ्यात चहा आला, पुढे नावं छापून आली आणि मग जे ग्रामण्य झालं, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही सापडले. गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. ते मिशनही अँग्लिकनच. आज मी त्याच घराण्याच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच पातेल्यात, आलं ठेचून चहा उकळते. प्रायश्चित्त कुणी मागत नाही. ओट्यावर एक चिठ्ठी मात्र असते : ‘पातेलं धुऊन ठेवा.’

ही चिठ्ठी कोण लिहितं, हा प्रश्न मला एका पावसाळी शनिवारी पडला. एका मुलीची आई वाहतुकीत अडकली होती. आम्ही दोघी हॉलमध्ये बसलो होतो. टेबलावर रविवारच्या उपासनेची पत्रिका पडलेली होती. आत स्तोत्रं, वाचनं, सूचना. मागच्या पानावर नावांची यादी. सगळ्यात वर बिशप, मग रेक्टर, डीकन, ऑर्गनवादक, कार्यालय, व्हेस्ट्री आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, सेक्स्टन. बाईंचं डोकं! यादी दिसली की हजेरी घ्यावीशी वाटते. पुढचे काही महिने मी एकेकाला गाठून विचारत सुटले.

बिशप अनेक चर्चचे मिळून एक. ते अधूनमधून एखाद्या रविवारी येतात. रोजचा कारभार रेक्टरचा. आपल्याकडे पूजेचा हक्क बहुधा घराण्यातून येतो. इथे रेक्टरची नेमणूक म्हणजे जवळजवळ स्थळ पाहण्याचा कार्यक्रम. जुने रेक्टर निवृत्त झाले की (वयाच्या 72 व्या वर्षी व्हावंच लागतं) एक शोधसमिती बसते, चर्चची माहितीपुस्तिका निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात. मग व्हेस्ट्री, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेलं विश्वस्त मंडळ, एकाची निवड करतं आणि बिशपांची संमती घेतं. एकदा रेक्टर झाल्यावर मात्र व्हेस्ट्रीला मनात आलं म्हणून त्यांना काढता येत नाही. त्यासाठी बिशपांपर्यंत जावं लागतं.

आपल्या या चर्चच्या रेक्टर एक बाई आहेत. हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “पुजारीणबाई? आणि लग्न झालेल्या?” म्हटलं, “हो, दोन मुलंही आहेत.” आई क्षणभर गप्प झाली आणि मग तिने मुद्द्याचा प्रश्न विचारला : “मग घरी स्वयंपाक कोण करतं?” मी तो प्रश्न जसाच्या तसा रेक्टरबाईंना विचारला. त्या हसून म्हणाल्या, “ज्याची मीटिंग आधी संपते तो.” हे हसणंही सहज मिळालेलं नाही. 1974 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात 11 स्त्रियांनी चर्चच्या मान्यतेची वाट न पाहता धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली तेव्हा मोठं वादळ उठलं होतं. चर्चच्या महाअधिवेशनाने 1976 मध्ये मान्यता दिली आणि 1 जानेवारी 1977 पासून स्त्रियांना हा मार्ग रीतसर खुला झाला.

ऑर्गनवादक अर्धवेळ आहेत. गुरुवारी संध्याकाळी समूहगायनाचा सराव घेतात आणि बाकीचे दिवस घरोघरच्या मुलांना पियानो शिकवतात. कार्यालयातल्या बाई पत्रिका छापतात, फोन घेतात, हॉलचं वेळापत्रक सांभाळतात. पातेल्याची चिठ्ठी त्यांचीच. यादीत ज्यांची नावं नाहीत अशा अल्टार गिल्डच्या आजीबाई शनिवारी दुपारी येऊन वेदी मांडतात. ऋतूप्रमाणे वस्त्रं बदलतात : नाताळआधी जांभळी, नाताळात पांढरी, एरवी बरेच महिने हिरवी. पवित्र द्राक्षारसाचे पेले विसळलेलं पाणी त्या मोरीत ओतत नाहीत. त्यासाठी वेगळं कुंड आहे, त्याची नळी थेट मातीत जाते. मी म्हटलं, “आमच्याकडे निर्माल्य असंच ओलांडू देत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी ठेवतात.” त्यातल्या एक आजी म्हणाल्या, “मग तुला समजावून सांगायला नको.”

माझं सगळ्यात सूत जमलं ते डीकनबाईंशी. डीकन हेसुद्धा दीक्षा घेतलेलं पद आहे, पण रेक्टरपेक्षा वेगळं. डीकनने शुभवर्तमान वाचायचं, आजाऱ्यांकडे, तुरुंगात, बेघरांकडे जायचं, बाहेरच्या जगाची गरज चर्चच्या कानावर घालायची आणि उपासना संपली की लोकांना ‘जा, आता कामाला लागा’ असं सांगायचं. त्यांचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका, अगदी आपल्या जानव्यासारखा. बहुतेक डीकनना पगार नसतो. या बाई आठवडाभर हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत.

बिनपगारी हा शब्द माझ्या जिव्हारी लागणारा आहे. पुण्यात मी एम.ए. करून पाच वर्षं शाळेत शिकवलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराची चिठ्ठी हातात यायची. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला, एच-4 वर. बँकेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिताना पेन जरा थांबतंच. आपल्या मराठी शाळेत मी शिकवते ते सेवा म्हणून. म्हणून डीकनबाईंचं नाव त्या यादीत रेक्टरच्या लगेच खाली, पदासकट पाहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पगार नाही, पण पद आहे! मी ते पान घरी आणून फ्रिजवर लावलं.

आता चुकीची गोष्ट.

सेक्स्टन म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. आपली पोरं त्यांना ‘चावीकाका’ म्हणतात, कारण कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. शनिवारी आपल्या आधी येऊन बॉयलर बघतात, दारं उघडतात, खुर्च्या मांडतात. आपण गेल्यावर पुन्हा झाडतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिली उपासना असते. मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर लाकडी जमिनीवर रांगोळीचा रंग आणि पणत्यांचं तेल राहिलं होतं. आपण ‘खूप छान झालं’ म्हणत एकमेकांचे फोटो काढत होतो, तेव्हा हे गृहस्थ गुडघ्यावर बसून जमीन पुसत होते. मी ते पाहिलं होतं, आणि गाडीत जाऊन बसले होते.

वसंतात चर्चचं अंदाजपत्रक आकसलं. सेक्स्टनचे आठवड्याचे तास 24 वरून 18 करायचे ठरलं. आतापर्यंत आपल्या शनिवारचे दोन तास त्या 24 मध्येच धरलेले असायचे. आता मंडळाला पत्र आलं : शनिवारच्या कामाचे पैसे वेगळे द्या, नाहीतर साफसफाई तुमची तुम्ही करा.

मंडळाच्या बैठकीत मी उठून छोटंसं भाषणच केलं. आपण आपलं झाडू! शाळेत मुलं वर्ग झाडायची, श्रमदान करायची, तो संस्कार इथे का नको? टाळ्या पडल्या. खजिनदारांनी तर सर्वांत जोरात वाजवल्या. ठराव झाला. पुढच्या शनिवारी मी मोठ्या अभिमानाने चावीकाकांना सांगितलं, “आता तुम्हाला आमच्यामागे राबायला नको.”

ते व्हॅक्यूमची वायर हातावर गुंडाळत होते. वायर पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाले, “चांगलं आहे. पण मग माझे हजार तास भरत नाहीत.”

मला काही कळेना. त्यांनीच समजावलं. 1917 पासून या चर्चमध्ये धर्मगुरूंसाठी पेन्शन फंड आहे. त्यांच्या मेहनतान्याच्या 18 टक्के रक्कम चर्चने भरायची. पण झाडणारे, टाइप करणारे, ऑर्गन वाजवणारे यांना तसं सक्तीचं काही नव्हतं. 2009 च्या महाअधिवेशनात ठराव झाला, की वर्षाला किमान 1000 तास काम करणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांनाही पेन्शन द्यायलाच हवी. 24 तासांचे वर्षाला 1248 होत होते. 18 चे होतात 936. “निवृत्त व्हायला चार वर्षं उरली आहेत,” ते म्हणाले, आणि खुर्च्या रचायला गेले. ना राग, ना तक्रार.

घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसले. आपली शाळा वर्षात 32 शनिवार. दोन तासांप्रमाणे 64. 936 अधिक 64, बरोबर 1000. उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या आणि कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. माझ्या श्रमदानाच्या संस्काराची किंमत त्या माणसाच्या म्हातारपणातून वळती होणार होती.

डीकनबाईंना मी म्हटलं, “तू सेवा करतेस, मी सेवा करते. मग हे मला आधी का सुचलं नाही?” त्या म्हणाल्या, “मी चर्चकडून पगार घेत नाही, कारण माझा पगार हॉस्पिटल देतं. त्यांचा कोण देणार?” रात्री भांडी घासताना मला कळलं, की हे उत्तर माझ्यासाठीही होतं. माझी सेवाही कुणाच्या तरी पगारावर उभी आहे. महिन्याचं भाडं नवऱ्याच्या कंपनीतून येतं, म्हणून शनिवारी मला फुकट शिकवणं परवडतं. सेवा ज्याची त्याने स्वतःच्या खिशातून करायची असते, दुसऱ्याच्या ताटातलं वाढून नव्हे.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घ्यायला उभी राहिले. या वेळी टाळ्या नव्हत्या. “अहो बाई, गेल्या महिन्यात तुम्हीच तर...” ते बरोबरच होतं. कुणी म्हणालं, हा त्यांच्या चर्चचा प्रश्न आहे. कुणी म्हणालं, आपली फी आधीच वाढली आहे. मी फळ्यावर 936 अधिक 64 लिहिलं आणि म्हटलं, जमीन तर आपणच तेलकट करतो. मग चर्चा शांत झाली. आपल्यातल्या एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “गावाकडे देवळात झाडणाऱ्या गुरवाला धान्य काढून ठेवल्याशिवाय खळं उचलत नसत.” ठराव एका मताने मंजूर झाला. म्हणजे एकमताने नव्हे, एक मत जास्त पडलं म्हणून! शनिवारचे दोन तास आणि चारही सणांचे चार-चार तास, हे सगळं चर्चच्या कार्यालयामार्फत, त्यांच्या पगारात धरून द्यायचं. तेव्हा फी का वाढली, असं विचारणाऱ्या पालकांना हे उत्तर.

आणि हो, झाडू आपणही मारतोच. श्रमदान रद्द झालेलं नाही. तेल आणि रंग आपण पुसायचे. त्यांचे तास त्यांच्या कामाला राहू देत. सहावीतल्या मुलांनी चावीकाकांना ‘खुर्ची’, ‘किल्ली’ आणि ‘पुरे’ हे तीन शब्द शिकवले आहेत. तिसरा ते चहा ओतताना वापरतात, पण जरा उशिरा.

फ्रिजवरचं ते पान अजून आहे. त्याच्याकडे बघता बघता संपादकांकडे एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. या अंकाच्या मागच्या पानावर कार्यकारिणीची नावं असतात, ती यंदाही आहेत. त्यांच्या खाली पहिल्यांदाच मराठी शाळेच्या शिक्षकांची नावं आहेत, आणि त्याखाली ज्यांच्या छताखाली आपण जमतो त्या इमारतीची काळजी घेणाऱ्यांची. चावीकाकांचं खरं नाव तिथे, इतरांच्याच आकाराच्या टायपात आहे. अंक बाजूला ठेवण्याआधी एकदा वाचा, आणि पुढच्या शनिवारी पोराला सोडताना त्यांना त्या नावाने हाक मारा.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पणत्यांखाली ताटली ठेवायला विसरू नका.